मास्टरने लावलेलं इलॅस्टिक

फारूख मास्टरचं माप चुकलं असं औरंगपुऱ्यात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. लेडीज टेलर काय, गल्लोगल्ली आहेत. पण पुंडलिकनगरहून रिक्षा करून बायका यायच्या त्या फारूख मास्टरकडेच. गळ्यात टेप अडकवून तो दुकानात उभा असायचा आणि गिऱ्हाईक पायरी चढून येईपर्यंत त्या बाईचा मुंढा, कंबर, बाही सगळं त्याला नजरेनेच कळलेलं असायचं. टेप लावायचा तो केवळ बाईच्या समाधानासाठी. त्याचं एक तत्त्वही होतं, ते तो न विचारता सगळ्यांना ऐकवायचा. "कापड आटतं आन् माणूस फुगतो. म्हणून मापात एक बोट सैल धरायचं." त्या एका बोटावर त्याचं नाव झालं होतं. घातही त्याच बोटाने केला.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची बायको जमिला तयार कपड्यांना इस्तरी करायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून करत होती. लेक तहरीम झाली, बालवाडीत गेली, आता कॉलेजात शिकायला लागली, तरी जमिला आपली त्याच टेबलाशी उभी. टेबल सागवानी, भक्कम, मास्टरने सुताराला समोर बसवून करून घेतलेला. त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसलं तर तो जमिलाच्या गळ्याशी यायचा, म्हणून ती उभ्यानेच इस्तरी फिरवायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण जमिलाने कधी कशाला वावगं म्हटलंच नाही.

उस्मानपुऱ्यात दवाखाना असलेल्या डॉक्टर सुलेखा मॅडम मास्टरच्या जुन्या गिऱ्हाईक. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर. रमजान सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्या ब्लाऊजच्या ट्रायलसाठी आल्या. आरसा मागच्या खोलीत, इस्तरीच्या टेबलाशेजारी. मास्टर बाहेर थांबून "कसा बसला, मॅडम?" या प्रश्नाच्या तयारीत होता. तेवढ्यात आतून हाक आली.

"मास्टर, जरा आत या. लगेच."

काजं उसवली की काय, असं मनाशी म्हणत तो आत गेला, आणि दारातच थबकला. एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि जमिलाच्या सलवारीचा पाय त्यांनी पोटरीपर्यंत वर धरला होता. जमिला लाजेने अर्धमेली होऊन टेबलाचा काठ धरून उभी होती. मास्टरने तो पाय पाहिला. घोट्याच्या वर कातडी काळवंडलेली, जुन्या भाजल्यासारखी. पोटरीवर करंगळीएवढ्या जाड निळ्या शिरा, गुंतलेल्या दोऱ्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या. हा पाय आपल्या बायकोचा आहे, हे त्याला पटेना. नव्या नवरीचे मेंदी लावलेले पाय त्याला आठवत होते. मधलं काहीच आठवत नव्हतं.

"कधीपासून हाय हे?" त्याने विचारलं.

"लई दिस झाले," जमिला खाली बघत म्हणाली. "दुखत नाय तेवढं."

"दुखत नाही म्हणे!" मॅडम उठल्या. "भाभी, उद्या दवाखान्यात या. मास्टर, तुम्ही घेऊन या."

दवाखान्यात तपासणी झाली. पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या ठणठणीत होत्या, पण ते परत वर आणणाऱ्या शिरांमधले पडदे ढिले पडले होते. वर चढणारं रक्त पुन्हा खाली उतरून पायातच साचत होतं. दिवसचे दिवस उभं राहून हे होतं, असं मॅडमनी सांगितलं आणि दाबाच्या मोज्यांचा एक नमुना मास्टरच्या हातात दिला. गुडघ्यापर्यंतचा, मधल्या दाबाचा. पुढे जाऊन ऑपरेशन करावं लागेल की नाही ते बघू. तोवर सकाळी घालायचे, रात्री काढायचे आणि अधूनमधून पाय वर घेऊन बसायचं.

मास्टरने मोजा दोन्ही हातांनी ताणून बघितला. कापड बघितल्यावर बोटांना राहवतं थोडंच? "मॅडम, हा तर घोट्याशी आवळतो आन् वर सैल होत जातो. उलटाच कारभार!"

"तोच तर खरा कारभार आहे. खालून दाबत दाबत रक्त वर ढकलायचं. म्हणून माप बरोबर हवं. सैल झाला तर उपयोग नाही आणि भलतीकडे घट्ट झाला तर नुकसान."

आता पंचाईत ही, की दवाखान्यात मापं घेणाऱ्या पारूबाई भाच्याच्या लग्नाला गावी गेलेल्या, आणि समोरच्या सर्जिकलच्या दुकानात सगळे बाप्ये. परक्या बाप्याने पोटरीला टेप लावायची, या नुसत्या विचाराने जमिलाने ओढणी तोंडाला लावली आणि मान हलवली. मॅडम हसल्या. "अहो, मग काळजी कसली? मास्टरसारखा माप घेणारा घरात असताना बाहेरचा कशाला? मास्टर, घोट्याशी सगळ्यात बारीक जागा, पोटरीची सगळ्यात जाड जागा, आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी. मात्र सकाळी, त्या अंथरुणातून उठायच्या आत घ्या. तेव्हा पायाला सूज नसते."

मास्टर नुसता हसला. अख्ख्या शहराची मापं घेणाऱ्याला हे सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं.

पण सकाळ काही सापडली नाही. रमजान लागला. पहाटेच्या सहरीसाठी जमिला सगळ्यांच्या आधी उठायची, आणि मास्टरला जाग यायची ती भाकरीच्या वासाने. तोवर ती चुलीशी उभी असायची. दिवसा ईदच्या कपड्यांचा ढीग. शेवटी एका संध्याकाळी, इफ्तार झाल्यावर, दिवसभर इस्तरी करून आलेल्या जमिलाला त्याने पलंगावर बसवलं आणि टेप काढली. बायकोचं माप तो आयुष्यात पहिल्यांदाच घेत होता. तिचे कपडे तो नेहमी नजरेनेच बेतायचा. घरच्या माणसाला टेप लावायची म्हणजे मास्टरकीला बट्टा! आता मात्र त्याने नीट टेप लावली, आकडे मनात धरले, आणि सवयीने प्रत्येक आकड्यात एक बोट सैल धरलं. दुखऱ्या पायाला आवळून कशाला ठेवायचं, असा त्यात प्रेमाचाही भाग होता.

दुसऱ्या दिवशी सर्जिकलच्या दुकानात बद्रीनाथने खोक्यावरचा तक्ता बघितला. "मास्टर, हे मोठं माप येतंय. भाभी तर बारीक आहेत. सकाळीच घेतलं होतं ना?"

"बद्रीनाथभाऊ, गोळ्या कशा विकायच्या ते मी सांगतो का तुम्हाला?"

बद्रीनाथ पडला दुकानदार, गिऱ्हाईकाशी किती हुज्जत घालणार? त्याने दोन-तीन खोकी पुढं टाकली. मास्टरने काळे मोजे नाकारले, उन्हाळ्यात तापतात म्हणून. बोटं झाकणारे नाकारले, उकडेल म्हणून. एक मधलं माप ताणून पाहिलं आणि बाजूला सारलं. "एवढं घट्ट? गळा आवळायचाय का पायाचा?" शेवटी अंगाच्या रंगाचे, बोटं उघडी राहणारे, मोठ्या मापाचे मोजे घेऊन तो घरी आला. चांगलं कापड बेतून आणावं तसा खूश होता.

मोजे घसरायला लागले. ते घसरणारच होते, पण मास्टरला तो कंपनीचा दोष वाटला. कपड्यांचा ढीग पुढे असताना जमिला दर थोड्या वेळाने वाकायची, मोजा गुडघ्याकडे ओढायची, पुन्हा इस्तरी धरायची. मास्टरने ते दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा मोजे काढून घेतले.

"कंपनीवाल्यांना काय अक्कल! वर धरायलाच काय नाय, तर मोजा टिकंल कसा?"

त्याने कमरेच्या पट्ट्याचं जाड इलॅस्टिक काढलं, मोज्याच्या वरच्या काठाला आतून लावलं, चांगलं ताणून घेतलं आणि वरून दुहेरी शिलाई मारली. शिलाई अशी देखणी, की कारखान्यातून आल्यासारखी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या घडीला मास्टरला स्वतःच्या हाताचं कौतुकच वाटलं.

"कसं बसलं?"

"बरोबर," जमिला म्हणाली.

ती नेहमी बरोबरच म्हणायची. मास्टरने काहीही शिवून दिलं, तरी ती ते आत नेऊन घालून बघायची, बाहेर यायची आणि म्हणायची, बरोबर. बाकी बायका बगलेत लागतंय, गळा उतरतोय म्हणून डोकं खायच्या. घरची बाई मात्र एका शब्दात मोकळी. मास्टर ते चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

इलॅस्टिक लावलेले मोजे आता टाचेवरून काढताना जीव जायला लागला, म्हणून जमिलाने ते काढायचंच सोडलं. आजारात सवलत असते असं मोहल्ल्यातल्या एका जाणत्या खालाने सांगितलं होतं. तेवढ्यावर ती नमाजाआधीच्या वजूच्या वेळी पाय न धुता मोज्यांवरूनच ओला हात फिरवून घ्यायची आणि रात्री तसेच मोजे घालून झोपायची. मार्चचं ऊन, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि ईद जवळ येईल तसा कपड्यांचा ढीग छतापर्यंत. बाहेरून मास्टरची हाक ठरलेली. "जमिला, इस्तरी कुठवर आली?"

"डावा पाय लई जड झालाय," ती एकदा तहरीमला म्हणाली.

"अम्मी, मॅडमना फोन लावू?"

"नक्को. ईद होऊ दे. अब्बांचं काम मागं पडतंय."

ईदच्या आदल्या दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्टर एका बाईला तिचा ड्रेस संध्याकाळी नक्की मिळेल असं सांगत होता, आणि मागच्या खोलीतून जळका वास आला. पाठोपाठ काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज. मास्टर धावला. टेबलावर एका नवरीचा गुलाबी रेशमी शरारा होता आणि त्याच्यावर इस्तरी तशीच ठेवलेली, खालून धूर निघत होता.

"या अल्लाह! कुणाचा होता हा? अगं, लक्ष कुठं हाय तुझं?"

हे बोलून झाल्यावर त्याला जमिला दिसली. ती टेबलाखाली फरशीवर बसली होती, डावा पाय दोन्ही हातांनी धरून. ओठ कोरडे पडलेले, चेहरा घामाने भिजलेला. त्याने सलवार वर करायला बघितली, तर ती पोटरीवरून वर जाईना. कापड पायाला चिकटल्यासारखं घट्ट झालं होतं. मास्टरने कैची घेतली आणि सलवारीचा पाय उभा चिरला. पोटरी दुप्पट सुजली होती, मोजा तटतट फुटायला आलेला. इलॅस्टिक गुडघ्याखाली मांसात इतकं रुतलेलं की दिसतच नव्हतं, आणि मोज्यातून बाहेर आलेली पायाची बोटं निळसर पडली होती.

"मी आधी शराऱ्याला बघितलं," तो पुढे तहरीमला कितीदा तरी म्हणाला. "धुराकडं बघितलं, शराऱ्याकडं बघितलं. हिला नंतर बघितलं."

तहरीमने मॅडमना फोन केला, बापलेकीने रिक्षात घालून जमिलाला उस्मानपुऱ्यात नेलं. मॅडमनी मोजा पाहिला मात्र, कैची मागितली आणि इलॅस्टिक कापलं. ते सुटल्यावर पायावर जी खाच दिसली, ती बघून नर्ससुद्धा मागे सरली. सबंध पायाभोवती बोटभर खोल, जांभळी.

मॅडमनी कापलेला काठ उलटा करून बघितला. "हे इलॅस्टिक कंपनीचं नाही. कुणी लावलं?"

जमिला तेवढ्या कळांतही म्हणाली, "मीच..."

"मी लावलं," मास्टर म्हणाला. "घसरत होते म्हणून."

"घसरत कसे होते? माप कधी घेतलं होतं?"

"संध्याकाळी." त्याची मान खाली गेली. "आन् एक बोट सैल धरलं."

मॅडमनी सोनोग्राफी केली आणि बाहेर येऊन दोघा बापलेकींना सरळ सांगितलं. खाली मोजा सैल, त्यामुळे रक्त वर ढकलायला दाब नाही. वर इलॅस्टिकचा फास, त्यामुळे आहे ते रक्तही अडलेलं. त्यात उभं राहणं, त्यात पोटात पाणी नाही. आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे. ती तिथंच राहिली तर औषधाने हळूहळू विरघळेल. सुटून छातीत गेली, तर मात्र जिवाशी गाठ.

"म्हणजे? मरंल ती?" मास्टरने इतकं उघड विचारलं की तहरीमने त्याचा हात घट्ट धरला.

"वेळेत आणलंत. इंजेक्शन सुरू केलंय. आता देखरेखीखाली ठेवायचं. आणि माप तुमच्यावर सोडलं ही माझीही चूक आहे, मास्टर. तुमच्या नावावर मीही भुलले."

बाकड्यावर बसलेल्या मास्टरच्या हातात नर्सने कापलेला मोजा आणून दिला, फेकू का म्हणून विचारायला. त्याने तो ठेवून घेतला. ज्या हातांना आयुष्यभर दाद मिळाली, त्या हातांनी बायकोच्या पायाला फास लावला होता आणि वरून दुहेरी शिलाई मारली होती. बघता बघता त्याची नजर शिलाईच्या एका टोकाशी अडली. तिथले चार-पाच टाके उसवलेले होते. ओढून तुटलेले नव्हते; ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उचलून, कापडाला धक्का न लावता सोडवलेले. असे टाके शिकलेला हातच सोडवतो. हे कुणी केलं, ते त्याला उमजेना.

तहरीमने त्याला घरी पाठवलं, अम्मीचे कपडे आणायला. जमिलाचं कपाट त्याने बहुधा पहिल्यांदाच उघडलं. ओळीने लावलेले कमीज, सगळे त्यानेच शिवलेले. सैलसा म्हणून निळा काढला आणि घडी घालायला उलटा केला, तर बगलेतली शिलाई त्याची नव्हती. त्याने डोळे मिचकावून पुन्हा बघितलं. मशीनची शिलाई उसवून, आत दाबून ठेवलेलं कापड बाहेर काढून, बारीक हातटाक्यांनी मुंढा पुन्हा जोडला होता. त्याने दुसरा काढला. त्यात कंबर आत घेतली होती. तिसऱ्यात बाही सोडवली होती. हिरव्याचा गळा, जांभळ्याचा खांदा. मास्टरने अख्खं कपाट पलंगावर उपसलं. जुना, विटलेला, तहरीमच्या बारशाचा कमीजसुद्धा. एकही कपडा त्याने शिवला तसा राहिलेला नव्हता.

औरंगपुऱ्यातल्या सगळ्या बायकांना ज्याचे कपडे बसत होते, त्याच्या स्वतःच्या बायकोला त्याचा एकही कपडा कधी बसला नव्हता. आणि ती दरवेळी म्हणाली होती, बरोबर.

मोज्याचे टाके कुणी उसवले, हेही त्याला तेव्हाच कळलं. तिने सुरुवात केली होती. ब्लेड घेऊन बसली असेल, चार टाके निघाले असतील, आणि बाहेरून हाक आली असेल, इस्तरी कुठवर आली. मास्टर त्या कपड्यांच्या ढिगात बसून ओक्साबोक्शी रडला.

ईद दवाखान्यात गेली. तहरीमने डब्यात शीरखुर्मा आणला, जमिलाने दोन चमचे खाल्ला, मास्टरने वाटी तशीच बाजूला ठेवली. पाय हळूहळू मऊ पडत होता. आणखी काही दिवसांनी मॅडम म्हणाल्या, मोठा धोका टळला, पण गोळ्या पुष्कळ महिने घ्याव्या लागतील, आणि मोजे आता योग्य मापाचे, हयगय न करता.

मास्टरने कपाटाचा विषयच काढला नव्हता. त्या दुपारी मात्र तहरीमच्या देखत त्याच्या तोंडून गेलं. "मी तुझे कमीज बघितले, जमिला."

जमिलाने चेहरा दुसरीकडे वळवला. चोरी पकडल्यासारखी तीच शरमली.

तहरीम बापाकडे वळली. "अब्बा, तुम्हाला म्हाईत नव्हतं? मी लहान असल्यापासून बघतीय. तुम्ही झोपलात की अम्मी सुई घेऊन बसायची."

"बोलली का नाहीस?" मास्टरने जमिलाला विचारलं.

"बोलले होते की. एकदा." जमिला सावकाश म्हणाली. "लग्नानंतरची पयली ईद. पिवळा कमीज शिवला होता तुम्ही. मी म्हणले, बगलेत लागतंय. तुम्ही तो हातातून घेतला, टराटरा फाडला आन् ईदच्या दिवशी जेवला नाहीत. सासूबाई म्हणल्या, मास्टरच्या हाताला नाव ठेवणारी आली मोठी. मग ठरवलं, टाके घालणं सोपं हाय."

मास्टरला तो पिवळा कमीज आठवेना. खूप डोकं खाजवलं तरी आठवेना, आणि त्याचाच त्याला जास्त धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना, गावाहून परतलेल्या पारूबाई टेप घेऊन आल्या. जमिलाला उठू न देता त्यांनी घोटा, पोटरी, लांबी मोजली. "मास्टर, मी सांगते, तुम्ही लिहा." मास्टरने आकडे लिहिले. दरवेळी पेन क्षणभर थांबायचं, आणि मग जेवढा सांगितला तेवढाच आकडा लिहायचं. बद्रीनाथने त्या मापाचे मोजे पाठवले, तेच मधलं माप, जे मास्टरने ताणून बाजूला सारलं होतं.

पारूबाईंनी मोजा उलटा केला, टाच बसवली आणि सुरकुत्या काढत वर चढवला. मास्टर पायथ्याशी उभा होता.

"कसं बसलं?" त्याने विचारलं.

"बरोबर," जमिला म्हणाली. तीस वर्षांची सवय, आपोआपच निघालं.

"जमिला," तो म्हणाला, "खरं सांग. तुला शपथ हाय माझी."

तिने पाय किंचित हलवून बघितला. पारूबाई थांबल्या.

"घोट्याच्या पुढं चुणी पडलीय," ती हळूच म्हणाली. "टोचतीय."

पारूबाईंनी तिथला मोजा सारखा केला. मास्टर खाली वाकून बघत होता. "आता?"

"आता बरं हाय."

"आणखी काय? जे आसंल ते बोल. मोज्याचं नाय, सगळंच."

जमिलाने त्याच्याकडे निरखून बघितलं, हा माणूस चेष्टा करतोय की काय म्हणून. मग म्हणाली, "निळ्या कमीजचा मुंढा चुकलाय. सगळ्यांचेच मुंढे चुकलेत. मी नवरी होते तेवढीच हाय असं धरून तुम्ही कापता."

"खरं हाय."

"आन् इस्तरीचा टेबल उंच हाय. पयल्या दिवसापासून उंच हाय. बसून काम करता येत नाय म्हणून मी उभी ऱ्हायले."

तो टेबल सुताराकडून करून घेताना उंची मास्टरने स्वतःच्या कमरेला टेप लावून दिली होती. त्याच्याशी उभी कोण राहणार, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणायचं तर किती मोठा अंधार. तो घाईघाईने म्हणाला, "आजच सुताराला बोलावतो. पाय कापून घेतो टेबलाचे. तू सांग, कितीनं कापू?"

"कापू नका."

"मग?"

"मी नाय आता तिथं उभी ऱ्हानार," जमिला म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "इस्तरी तुम्ही करा. टेबल तुमच्याच मापाचा हाय."

तहरीमने तोंडावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत या बाईने मास्टरला एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. तो स्टुलावर बसला, गळ्यातली टेप काढून त्याने मांडीवर ठेवली, आणि म्हणाला, "बरोबर."